कावूनबाई

वानखडे बाईंसमोर एखाद्या गोष्टीला ‘लय भारी’ म्हणायची सोय नव्हती. नवा वेल्डर असो, दिल्लीचा पाहुणा असो, नाहीतर खुद्द आमचे शेठजी असोत, बाई हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “भारी म्हंजे वाईट. चांगलं झालं असंन तं हलकं म्हना.” पुढेपुढे आमच्या कारखान्यात ही भाषाच झाली. कँटीनमधला रस्सा जमला की पोरं म्हणायची, “आज भाजी लय हलकी झाली बे!” बाहेरच्या माणसाला वाटायचं, नावं ठेवतायत.

कारखाना अकोल्याच्या एमआयडीसीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फवारणीच्या टाक्या आणि वरुडच्या संत्रेवाल्यांसाठी फळं निवडायची यंत्रं हे आमचं काम. मी संगणकावर नकाशे काढायचो. घर जठारपेठेत, वडील वकील. मुलगा ट्रॉल्यांचे नकाशे काढतो हे त्यांनी पाहुण्यांना कधी धड सांगितलं नाही. अशा ठिकाणी सैन्याच्या खास पथकांसाठी लढाऊ गाडी तयार होईल असं कुणी म्हटलं असतं तर आम्हीच हसलो असतो.

बाई आल्या आणि ते झालं. त्या मूळच्या वरुडकडच्या, संत्र्याची बाग असलेल्या घरातल्या. पुण्याच्या एका वाहन कंपनीत अर्धं आयुष्य गाड्यांचे सांगाडे आखण्यात गेलं. वडिलांच्या आजारपणात परत आल्या आणि वडील गेल्यावर परत जाण्याचं नाव काढलं नाही. बाग भाऊ-भावजय बघत होते. एके दिवशी मोपेडवरून कारखान्यात आल्या, शेठजींना म्हणाल्या, “मले काम पाह्यजे,” आणि उत्तराची वाट न बघता तिथं उभ्या असलेल्या ट्रॉलीभोवती फिरायला लागल्या. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला एक आडवी पट्टी होती. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे कावून?”

शेठजींनी शकूरभाईंकडे पाहिलं. शकूरभाई आमचे सगळ्यात जुने वेल्डर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे. पट्टी का आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या ट्रॉलीला होती म्हणून ह्या ट्रॉलीला होती.

“मंग काढा ना,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांचं नाव कावूनबाई पडलं. त्यांना ते माहीत होतं, आणि माझा अंदाज आहे की आवडतही होतं.

उंच, हडकुळ्या, सुती साडी आणि पायात शाळकरी मुलांसारखे पांढरे बूट. केस घट्ट बांधलेले. खांद्याच्या पिशवीत फुटाण्यांची पुडी आणि एक लटकवायचा स्प्रिंगकाटा. समोर आलेली वस्तू त्या आधी हातात घेऊन अंदाज करायच्या, मग काट्याला अडकवायच्या. नटबोल्ट, बिजागरी, सीटची गादी, एकदा माझा जेवणाचा डबा. “तुह्या डब्याचं झाकनच पोळ्यांपेक्षा जड हाय, जोशी,” म्हणाल्या. घरी जाऊन सांगितलं तर आईला राग आला. पण पुढच्या आठवड्यात डबा बदलला होता.

मोठ्या कंपनीचं काम त्यांच्यामुळेच आलं. कंपनीला सैन्यासाठी एक गाडी करायची होती आणि तिचा सांगाडा बनवणारे दोन कारखाने हात टेकून बसले होते. पुण्यातल्या ओळखीवर बाईंनी ते काम मागून घेतलं. गाडी ऐकायला सोपी. दारं नाहीत, छप्पर नाही, काचा नाहीत. हेलिकॉप्टरच्या पोटात मावली पाहिजे, नाहीतर खाली दोरांना लटकवून नेता आली पाहिजे. पॅराशूट लावून विमानातून टाकली तरी जमिनीला टेकल्यावर चालू झाली पाहिजे. तिच्यात सहा जवान, त्यांचं सामान, वर मशीनगन बसवायची जागा आणि मागे जखमी माणसाला आडवं नेण्याची सोय. हे सगळं असूनही वजन एका ठरावीक आकड्याच्या वर जाता कामा नये, कारण वर गेलं तर डोंगरातल्या विरळ हवेत हेलिकॉप्टर ते उचलणारच नाही.

“जास्त झालं तं काय होईन?” शेठजींनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं.

“तं गाडी खाली राहीन अन् पोट्टे पायीच जातीन,” बाई म्हणाल्या. “वजन कागदावर नसते, शेठजी. कोनाच्या ना कोनाच्या खांद्यावर असते.”

त्यांनी एवढंच सांगितलं. त्यांच्या घरातलं कुणी सैन्यात होतं का, हे आम्ही आडून आडून विचारून पाहिलं. कुणी नव्हतं. आपलं कुणी तिथं नसताना एखाद्या माणसाला अनोळखी पोरांच्या खांद्याची इतकी काळजी असू शकते, हे समजायला मला वेळ लागला.

पहिला सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलं आणि गाडी पळवून बघायची वेळ आली. बाईंनी मेळघाट निवडला. “इथच्या डांबरी रोडवर पाहून काय भेटनार? धारणीकडे नेऊ. तिकडे रोड पन कमी अन् नखरे पन कमी.” परवानग्या घेऊन आम्ही निघालो. गाडी शकूरभाई चालवत होते, शेजारी बाई, मागे मी आणि वाळूची पोती. जवानांच्या ऐवजी पोती.

दुपारी एका नाल्याशी चौघे कोरकू गडी समोरून येताना दिसले. बांबूला कापडाची झोळी बांधलेली आणि झोळीत माणूस. झाडावरून पडून त्याची मांडी मोडली होती. जीप मिळेल त्या रस्त्यापर्यंत ते चालतच निघाले होते. बाईंनी हात दाखवला, गाडी थांबली. वाळूची पोती आम्ही तिथंच नाल्याकाठी उतरवली आणि त्या माणसाला मागच्या स्ट्रेचरवर घेतलं. ते स्ट्रेचर आम्ही मोठ्या अभिमानानं केलं होतं. सरळ, मजबूत, सांगाड्याला चार बोल्टांनी आवळलेलं.

गाडी हलली आणि तो माणूस ओरडायला लागला. प्रत्येक दगडाला ओरडायचा. बाई पुढून उठून मागे आल्या, गाडीच्या कडेला गुडघा टेकवून बसल्या आणि दोन्ही हातांनी त्याचा पाय धरून राहिल्या. तो हिंदीत विनवण्या करत होता, “झोली में डालो मुझे. बाई, झोली में डालो.”

“थोडंसंच राह्यलं बापा,” बाई म्हणत होत्या. “आलं धारणी.”

दवाखान्यात पोचवून आम्ही परत फिरलो. पाय वाचला, असं नंतर कळलं.  पण अकोल्याला आल्यावर बाई स्वतः स्ट्रेचरवर झोपल्या आणि शकूरभाईंना एमआयडीसीच्या खड्ड्यांतून गाडी न्यायला लावली. उतरल्या तेव्हा ओठाला दात लागून रक्त आलं होतं. “हे काढा,” म्हणाल्या. “याच्यावर मानूस नाई ठेवता येत.”

नवं स्ट्रेचर झालं. खाली रबराचे ठोकळे, स्प्रिंगा, सगळं. धक्का निम्म्यावर आला. पण वजन वाढलं. ते भरून काढायला बाईंनी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब नळ्या बारीक केल्या. मी नकाशात बदल करताना विचारलं, “चालेल ना बाई?” त्या म्हणाल्या, “चालवावं लागंन.” त्यांच्या तोंडी असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मग आली क्रेनवरून टाकायची चाचणी. पॅराशूटनं उतरणारी गाडी जमिनीला किती जोरात टेकेल त्याचा हिशोब असतो. तेवढ्या उंचीवर गाडी क्रेननं उचलायची, खाली पुठ्ठ्याच्या जाळीचे थर ठेवायचे आणि वरचा हूक सोडायचा. कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. कंपनीचे साहेब आले होते आणि सैन्याकडून एक कर्नल. कर्नलसाहेब मूळचे साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. शेठजींनी नवा सदरा घातला होता. हे काम गेलं तर ट्रॉल्यांच्या जोरावर एवढी माणसं ठेवता येणार नाहीत, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण आम्हाला दिसत होतं.

हूक सुटला. गाडी खाली आली, पुठ्ठा दबला, धूळ उडाली. आणि त्या आवाजाच्या आत एक वेगळा, छोटा, कोरडा आवाज झाला. शकूरभाईंनी डोळे मिटले.

डाव्या बाजूच्या नळीला तडा गेला होता.

कंपनीचे साहेब वाकले, बघितलं आणि सरळ होत विचारलं, “वेल्डिंग कुणाचं आहे?”

शकूरभाई पुढे यायला निघाले. बाईंनी त्यांच्या पुढ्यात हात आडवा धरला.

“वेल्डिंग पाहू नका,” त्या म्हणाल्या. “तडा जोडावर नाई, नळीत हाय. नळी मी बारीक केली. चूक माही हाय.”

 एवढ्या माणसांत, सैन्याच्या अधिकाऱ्यासमोर, हे वाक्य इतकं सरळ म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आवाजात रडणं नव्हतं आणि ताठाही नव्हता.

“का बारीक केली?” कर्नलसाहेबांनी विचारलं.

“स्ट्रेचर जड झालं म्हून.”

“मग स्ट्रेचर काढून टाकू,” कंपनीचे साहेब म्हणाले. “तेवढी सोय नसली तरी चालेल. आपण वरती बोलू.”

बाई त्यांच्याकडे वळल्याच नाहीत. “कर्नलसाहेब, गाडीत तुमची पोरं जानार. तुमी सांगा. काढू?”

कर्नलांनी वाकून रिकाम्या स्ट्रेचरवर हात दाबून पाहिला. मग म्हणाले, “एकदा आम्ही एका पोराला पाठीवर घेऊन डोंगर उतरलो. आळीपाळीनं. जगला तो. पण मणका हलला होता ते आम्हाला कुठं कळतंय. आता खुर्चीत असतो. काढू नका, बाई. पण वजनही वाढवू नका. जमलं तर बोलवा. मी येईन.”

ते गेले. पुढचे काही दिवस कारखान्यात फार वाईट गेले. बाई यायच्या, टेबलाशी बसायच्या, फुटाण्यांची पुडी तशीच पडून असायची. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी कुणाला ‘कावून’ विचारणं बंद केलं. पोरं उगीच त्यांच्यासमोर चुकीची पट्टी घेऊन जायची, की बाई आता विचारतील. बाई बघायच्या आणि मान वळवायच्या.

शेवटी शकूरभाई टेबलापुढे जाऊन उभे राहिले. हातात एक लांब, जाडजूड, निरुपयोगी लोखंडी सळई.

“बाई, हे गाडीले लावून राह्यलो.”

“लावा.”

“असं कसं लावा? विचारा ना कावून!”

बाईंनी वर पाहिलं. शकूरभाईंचा चेहरा असा झाला होता, की आता ती सळई फेकतील नाहीतर रडतील. आणि बाई हसल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मग पुडी उघडून शकूरभाईंच्या तळहातावर फुटाणे ठेवले.

दुसऱ्या सकाळी मी यायच्या आत त्या माझ्या खुर्चीत बसलेल्या होत्या.

“जोशी, स्ट्रेचर खोड.”

“काढायचं? कर्नलसाहेब तर—”

“खोड म्हनलं ना. रबर, स्प्रिंग, चौकट, सारं खोड.”

मी खोडलं. पडद्यावर नुसता सांगाडा राहिला.

“आता ह्या दोन बाजूच्या नळ्या जाड कर, पयल्यासारख्या. त्याहीपेक्षा थोड्या जाड. अन् वर घे, सीटच्या उंचीले. मागपर्यंत ने.” मी नेल्या. “आता या दोघींच्या मंधात पट्ट्यांनी कापड टांग.”

मी माऊस सोडून त्यांच्याकडे बघत राहिलो.

“थो मानूस सांगून राह्यला होता ना रे,” बाई म्हणाल्या, “झोळीत टाका म्हून. धारणीपर्यंत सांगत होता. अन् मी त्याले म्हनत होती, थोडंसंच राह्यलं.” त्यांनी पडद्यावरच्या दोन्ही नळ्यांवर बोट फिरवलं. “स्ट्रेचर वेगळं कावून पाह्यजे? गाडीच्या नळ्याच त्याचे बांबू. नळी गाडीले धरीन अन् झोळीलेही धरीन.”

चौकट गेली, रबर गेलं, स्प्रिंगा गेल्या. त्यांचं वजन नळ्यांना मिळालं. हिशोब मांडला तर आकडा मर्यादेच्या आत होता, आणि सांगाडा आधीपेक्षा ताठ. मी तीनदा तपासलं, कारण मला विश्वास बसत नव्हता.

झोळी तयार झाल्यावर बाई आधी स्वतः झोपल्या. मग मला झोपवलं. मग शेठजींना. शेठजी अंगानं चांगले भरलेले. त्यांना चढवायलाच तिघे लागले. शकूरभाईंनी मुद्दाम खड्डे शोधून गाडी नेली, रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आले. गाडी थांबली तरी शेठजी उठेनात. आम्ही घाबरून बघायला गेलो, तर ते घोरत होते.

“पास,” बाई म्हणाल्या.

क्रेनवरून गाडी पुन्हा टाकली. कर्नलसाहेब शब्दाप्रमाणे आले होते. या वेळी फक्त पुठ्ठ्याचा आवाज झाला. बाईंनी प्रत्येक नळीवरून हात फिरवला, जसा बैलाच्या अंगावरून फिरवतात तसा, आणि मग मागे सरून कर्नलांना म्हणाल्या, “घ्या. चालवून पाहा.” कर्नलांबरोबर आलेल्या जवानांनी तिथंच इंजिन चालू केलं आणि आवारातून गाडी बाहेर काढली. पोरं ओरडली, “लय हलकी, बाई, लय हलकी!” कर्नलांना यात काय कौतुक आहे ते कळेना. शेठजींनी त्यांना बाजूला नेऊन समजावून सांगितलं.

मग हेलिकॉप्टरची चाचणी. ती अमरावतीच्या धावपट्टीवर होती. आमच्या कारखान्यातली झाडून सगळी माणसं दोन गाड्या करून गेली. सकाळची वेळ, वारा पडलेला. हेलिकॉप्टर वर येऊन थांबलं, खालून दोन जवानांनी दोर अडकवले आणि आमची गाडी जमिनीवरून सुटली. आधी पुढची चाकं, मग मागची. हवेत ती थोडी फिरली आणि स्थिर झाली. शकूरभाई दोन्ही हात आभाळाकडे करून उभे होते. ट्रॉल्या करणारी माणसं आम्ही; आमचं लोखंड कधी जमिनीवरून उठलं नव्हतं. हेलिकॉप्टर पार लांब कपाशीच्या शेतांपलीकडे जाऊन वळसा घेऊन आलं, गाडी अलगद टेकवली, आणि दोर सुटताक्षणी सहा जवान चढून ती पळवत घेऊन गेले.

मी बाईंकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. तोंड उघडं टाकून, एखाद्या मुलीसारख्या बघत होत्या.

कर्नलसाहेब येऊन म्हणाले, “बाई, आता ही उत्तरेला जाणार. उंचीवर, थंडीत चालते का ते बघायला. तिथं काही बदल लागले तर करायला माणूस हवं. तुम्ही या.”

“येते ना,” बाई म्हणाल्या. “कधी?”

“गाडी मोठ्या विमानात चढवतोय दुपारी. त्यातूनच चला.”

बाई ‘हो’ म्हणाल्या. कर्नल गेल्यावर त्यांनी माझी बाही धरली. 

“जोशी, मी कधी बसली नाई रे याच्यात.”

“कशात?”

“इमानात. कशातच नाई. पुन्याहून दिल्लीले पन रेल्वेनंच जात होती मी. भेव वाटते मले.”

मला हसू आलं, आणि लगेच आवरलं. जिनं ही गाडी हवेत उचलता यावी म्हणून ग्राम ग्राम वजन खरवडलं, ती बाई जमीन सोडायला घाबरत होती, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

“नाही म्हणून सांगू का कर्नलसाहेबांना?” मी विचारलं. “मी जातो तुमच्याऐवजी.”

त्यांनी विचार केला. खरंच केला. धावपट्टीच्या टोकाला जवान गाडी पुसत होते. एकजण झोळीत आडवा होऊन दुसऱ्याला हलवायला सांगत होता. बाई तिकडे बघत राहिल्या.

“नाई,” म्हणाल्या. “तुले त्या नळ्यांचं सांगता येनार नाई.”

शेठजींनी गावातून त्यांच्यासाठी स्वेटर आणि कानटोपी आणवली. शकूरभाईंनी डोळे पुसत खुदा हाफिज म्हटलं. बाई अजून तिकडेच आहेत. अधूनमधून फोन येतो, बर्फात इंजिन कसं चालू होतं ते सांगतात, आणि पुढची गाडी करताना काय काढायचं ते. आमच्याकडे आता त्या गाडीच्या सांगाड्यांची रांग लागलेली असते, आणि नवीन आलेली पोरं आपापसांत कावून, कावून करत असतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी. विमानाचं मागचं दार उघडं होतं आणि आत आमची गाडी साखळ्यांनी जखडली होती. बाई उतारावरून चढत होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं साडीच्या निऱ्या धरलेल्या. मध्यावर त्या थांबल्या. एका तरुण जवानानं आतून हात पुढे केला. तो हात त्यांनी धरला आणि आत गेल्या. दार वर यायला लागलं तेव्हा त्या भिंतीकडच्या बाकावर बसल्या होत्या, पट्टा आवळलेला, डोळे गच्च मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटत होते. जवान वाकून त्यांना काही सांगत होता.

दार बंद व्हायच्या आत, अगदी शेवटच्या फटीतून, मला दिसलं की त्यांनी डोळे उघडले आहेत.